अत्तारांची मुलगी आणि फार्मसीचा फॉर्म

माझ्या आजोबांचं दुकान मशिदीच्या पायऱ्यांना लागून होतं. पुढच्या फळीवर अत्तराच्या कुप्या, सुरमा, अगरबत्ती. मागे पत्र्याच्या डब्यांत सोनामुखी, इसबगोल, ज्येष्ठमध, हिरडा, बेहडा, गुलकंद. हकीमसाहेबांची चिठ्ठी घेऊन माणूस यायचा. आजोबा चिठ्ठी वाचून, तराजूत तोलून पुड्या बांधायचे आणि कशाबरोबर घ्यायचं, काय खायचं नाही, हे दोनदा सांगायचे. ऐकणारा म्हातारा असला तर तिसऱ्यांदा. अरबीतल्या ‘अत्तार’ या शब्दात सुगंध विकणारा आणि औषधं विकणारा, असे दोन्ही अर्थ येतात. आम्ही तो आडनाव म्हणून लावतो. म्हणजे आमच्या घराण्याचं आडनावच फार्मासिस्ट आहे म्हणा ना.

याच घराण्यातल्या मुलीला, माझ्या पुतणीला, 2024 साली फार्मसीच्या प्रवेशाच्या वेळी आपण अत्तार आहोत हे सिद्ध करता आलं नाही. ती गोष्ट पुढे सांगतो. त्याआधी ती फार्मसीपर्यंत कशी आली ते सांगायला हवं, कारण आपल्या घरांमधली बहुतेक मुलं तिथे त्याच वाटेने येतात.

दहावीला तिला चांगले गुण पडले आणि घरात ठरून गेलं की मुलगी डॉक्टर होणार. कोणी ठरवलं, ते विचारू नका. अशा गोष्टी कोणी एक माणूस ठरवत नाही. त्या दावतीत, शादीच्या मांडवात, ‘माशाअल्ला, डॉक्टर बनेगी’ असं चार खालांनी म्हटल्याने ठरतात. अकरावीला तिने गणित सोडलं, नीटचा क्लास लावला, दोन वर्षं मान मोडून अभ्यास केला. 2024 ची नीट म्हणजे पेपरफुटीच्या आरोपांची आणि 67 जणांना 720 पैकी 720 गुण जाहीर झालेली ती परीक्षा. पाचशेच्या पुढे गुण मिळवूनही तिला सरकारी एमबीबीएसचा विचार सोडावा लागला. खासगी कॉलेजची फी ऐकून माझा भाऊ, जो गॅरेज चालवतो, काही न बोलता दुकानावर निघून गेला. त्या रात्री पुतणीचा फोन आला. “चाचा, अब फार्मसीच करलेती मैं. घर में सब बोलरे.”

त्या ‘च’ मध्ये सगळं आलं. फार्मसी ही आपल्याकडे कोणाचीही पहिली पसंती नसते. एमबीबीएस नाही, बीडीएस नाही, बीयूएमएस नाही, मग उरलं काय, तर फार्मसी. जूनमध्ये निकाल लागतो आणि जूनमध्येच फार्मसीची तयारी सुरू होते. तयारी म्हणजे काय, तर कुठल्या कॉलेजात ओळख आहे याची चौकशी.

मी गेली काही वर्षं आमच्या भागातल्या मुलामुलींचे प्रवेशाचे फॉर्म भरायला मदत करतो. शिक्षणतज्ज्ञ वगैरे नाही. सायबर कॅफेत मुलांच्या शेजारी बसणारा माणूस आहे. त्या अनुभवावरून माझं ठाम मत झालंय की, फार्मसीला जायचं असेल तर ते अकरावीत ठरवलं पाहिजे, आणि नीट द्यायची असली तरीही सीईटीची तयारी पहिल्या दिवसापासून वेगळी केली पाहिजे. विशेषतः मुलींच्या बाबतीत. का, ते सांगतो.

आपल्या घरात मुलीला शिक्षणासाठी मोजून वर्षं मिळतात. हे कोणी बोलून दाखवत नाही, पण आई, बाप आणि मुलगी तिघांनाही तो आकडा ठाऊक असतो. बारावीनंतर चार वर्षं, फार तर पाच. त्यातलं एक वर्ष नीटच्या रिपीटमध्ये गेलं, दुसरंही गेलं, की चार वर्षांच्या बी.फार्म.साठी घरात जागा उरत नाही. मग ‘घरबैठे बीए कर ले’ असं म्हटलं जातं. मुलगा दोनदा रिपीट करू शकतो, त्याचं काही बिघडत नाही. मुलीचं रिपीटचं वर्ष तिच्या पदवीच्या वर्षांतून कापलं जातं. क्लासवाल्यांना याचं सोयरसुतक नसतं. रिपीटरची बॅच हा त्यांचा धंदा आहे.

आता सीईटीबद्दल. महाराष्ट्रात बी.फार्म.साठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते. जीवशास्त्राचा गट चालतो आणि गणिताचाही. भौतिक आणि रसायन मिळून 100 प्रश्न, वेळ 90 मिनिटं. जीवशास्त्राचे 100 प्रश्न, पुन्हा 90 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला मिनिटसुद्धा मिळत नाही. साधारण 80 टक्के भाग बारावीचा आणि 20 टक्के अकरावीचा. पाया राज्य मंडळाचं पुस्तक. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे चुकलेल्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. नीटमध्ये कापले जातात. माझ्या पुतणीने सीईटीचा फॉर्म माझ्या आग्रहाखातर भरला होता, अभ्यास मात्र शून्य. परीक्षा देऊन आल्यावर विचारलं तर म्हणाली, तीस-पस्तीस प्रश्न सोडले. का सोडले? येत नव्हते म्हणून. अगं, पण इथे निगेटिव्ह मार्किंग नाही! तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दोन वर्षांची सवय होती. शंका आली की सोडून द्यायचं. सत्तरीतला पर्सेंटाइल आला. कराड किंवा अमरावतीच्या सरकारी फार्मसी कॉलेजचं नाव काढायची सोय राहिली नाही.

अभ्यासाबद्दल आणखी दोन गोष्टी. आपली मुलं अकरावीत गणित सोडतात, कारण डॉक्टरला गणित कशाला. फार्मसीत गेल्यावर कळतं की, औषधाचं द्रावण किती टक्क्यांचं करायचं, मुलाच्या वजनाप्रमाणे डोस किती, हा सगळा हिशेब आहे. पहिल्याच सत्रात जीवशास्त्राच्या मुलांना ‘रेमेडियल मॅथेमॅटिक्स’ आणि गणिताच्या मुलांना ‘रेमेडियल बायोलॉजी’ असा विषय असतो, तो उगाच नाही. झेपत असेल तर दोन्ही विषय ठेवावेत, असं मी मुलांना सांगतो. दुसरं म्हणजे रसायनशास्त्र. फार्मसीची चारही वर्षं रसायन पाठ सोडत नाही. ऑरगॅनिक केमिस्ट्री बारावीला पाठ करून जे पास होतात, ते तिथे रडतात. क्लासच्या नोट्स बाजूला ठेवून राज्य मंडळाचं रसायनाचं पुस्तक ओळ न् ओळ वाचावं, खालचे प्रश्न हाताने लिहून सोडवावेत. कंटाळवाणं काम आहे, पण पुढे तेच उपयोगी पडतं.

इथे उर्दू माध्यमाच्या मुलांचं वेगळं दुखणं आहे, आणि त्यावर कोणी लिहीत नाही. दहावीपर्यंत मुलगी ‘खलिया’ शिकते, ‘खुर्दबीन’ शिकते, ‘सालमा’ आणि ‘जौहर’ शिकते, ‘जियाई तालीफ’ तोंडपाठ म्हणून दाखवते. अकरावीत पहिल्या तासाला सर फळ्यावर इंग्रजीत सेल, मायक्रोस्कोप, मॉलिक्यूल, अॅटम, फोटोसिंथेसिस लिहितात. हे सगळं तिला येत असतं. पण येतंय हे तिलाच कळत नाही. वर्गातली मराठी माध्यमाची मुलंही अडखळतात, पण निदान सरांना मराठीतून विचारता येतं. ही गप्प बसते. सहा महिने गप्प बसते. तोवर सीईटीचा अकरावीचा भाग हातून गेलेला असतो. माझ्या पाहण्यातल्या किती तरी हुशार मुली या सहा महिन्यांत सायन्स सोडून आर्ट्सला गेल्या.

यावर उपाय अगदी साधा आहे. दहावीच्या परीक्षेनंतर दोन-अडीच महिने सुट्टी असते. एक शंभर पानी वही घ्यायची, तीन रकाने पाडायचे. उर्दू शब्द, इंग्रजी शब्द, मराठी शब्द. दहावीच्या विज्ञानाच्या दोन्ही भागांतले शब्द एवढं केलं तरी पुष्कळ. आमच्या मोहल्ल्यात एका निवृत्त मास्तरांनी दोन उन्हाळे हे काम केलं. मशिदीच्या बाजूच्या खोलीत, असरनंतर तासभर. बारा-पंधरा मुली येत. त्यांची तब्येत बिघडली आणि ते थांबलं. दुसरं कोणी पुढे आलं नाही. आपल्याकडे इज्तेमाचा मांडव घालायला पन्नास पोरं एका हाकेत येतात. ते चांगलंच आहे. त्यातली दोन पोरं रोज तासभर त्या खोलीत बसली असती तर बिघडलं नसतं.

आता ती कागदाची गोष्ट.

महाराष्ट्रात अत्तार, बागवान, मोमीन, पिंजारी, तांबोळी, मणियार अशा अनेक मुस्लीम जाती ओबीसीत आहेत. हे सहज मिळालेलं नाही. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी त्यासाठी चळवळ उभी केली आणि दिलीपकुमारसारखा माणूस तिच्या सभांना गेला. पण यादीत जातीचं नाव असणं वेगळं आणि हातात दाखला असणं वेगळं. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात. आमचे आजोबा शाळेत गेलेच नव्हते, मकतबात शिकले. अब्बा शाळेत गेले, पण त्यांच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यात जातीच्या रकान्यात एकच शब्द आहे, ‘मुसलमान’. मास्तरांनी विचारलं नसेल आणि सोडायला गेलेल्या माणसाने सांगितलं नसेल. मौलवींनीही आपल्याला हेच शिकवलं की इस्लाममध्ये जात नाही. दीनमध्ये नाही, हे खरंच. पण बिरादरीत शादी जमवताना आपण बरोबर विचारतो आणि सरकारी वहीत लिहिताना विसरतो.

पुतणीचा जातीचा दाखला कसाबसा निघाला होता. जात वैधता प्रमाणपत्र नव्हतं. ते लागतं, हे घरात कोणाला माहीतच नव्हतं. ज्युनिअर कॉलेजने अकरावी-बारावीतच मुलांकडून वैधतेचे अर्ज भरून घ्यायचे असतात. तिच्या कॉलेजने नोटीस बोर्डावर एक कागद लावला होता म्हणे. जुलैत आम्ही धावाधाव सुरू केली. अब्बांच्या शाळेत गेलो, नोंद ‘मुसलमान’. कोतवाल बुकाची नक्कल काढायला तहसीलला गेलो, तर त्या वर्षांचं बाड वाळवीने खाल्लेलं. आमचा भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे त्याआधीचे कागद उर्दूत. ते वाचणारा कारकून आता कुठून आणायचा? कुणबी नोंदी शोधण्यासाठी शिंदे समितीचं काम सुरू झालं, तेव्हा हीच अडचण साऱ्या महाराष्ट्राला समजली. आम्हाला ती कधीपासूनच माहीत होती. शेवटी अब्बांच्या एका चुलतभावाची नोंद शेजारच्या तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत सापडली. 1958 साल. हेडमास्तरांचं वळणदार अक्षर, ‘मु. अत्तार’. मी त्या वहीच्या पानावर हात फिरवला. शाळेतला शिपाई माझ्याकडे बघत राहिला.

तोवर ऑगस्ट संपला होता. समितीकडे अर्ज गेला, सुनावणीची तारीख पुढची पडली. प्रवेशाच्या फेऱ्या काही थांबणाऱ्या नव्हत्या. वैधता नाही म्हणून तिचा अर्ज ओबीसीतून खुल्यात गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्य सरकारने निर्णय काढला होता की, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं पूर्ण शिक्षण शुल्क माफ. आमच्या मुलीसाठीच निघाला होता जणू. तिला त्याचा लाभ मिळाला नाही. ओबीसी असल्यामुळे ईडब्ल्यूएस मागता येत नाही, आणि वैधता नसल्यामुळे ओबीसी होता येत नाही. दिवाळीच्या तोंडावर घरापासून साठ किलोमीटरवरच्या एका खासगी कॉलेजात तिला खुल्या जागेवर प्रवेश मिळाला. फी लाखाच्या आसपास. माझ्या वहिनीने कानातलं आणि दोन पाटल्या काढून दिल्या. वैधता प्रमाणपत्र जानेवारीत हातात आलं.

दोष कोणाचा, यावर घरात खूप चर्चा झाली. कॉलेजच्या नोटीस बोर्डाचा आहे, समितीच्या तारखांचा आहे, वाळवीचाही आहे. पण मी स्वतःला वगळत नाही. मी दुसऱ्यांच्या मुलांचे फॉर्म भरत होतो आणि माझ्या घरातल्या मुलीची फाइल मी अकरावीत उघडून पाहिली नाही.

म्हणून ज्यांच्या घरात आज अकरावीचं मूल आहे त्यांना सांगतो. आजच बापाचा आणि आजोबाचा प्रवेश-निर्गम उतारा काढा. जात लिहिलेली नसेल तर बापाकडच्या रक्तनात्यात कोणाचा दाखला, कोणाची वैधता आहे का ते विचारा. काका, चुलतकाका, आत्या, कोणाचीही. भांडण असेल तर मिटवा, फॉर्मपुरतं तरी. ओबीसीत बसत नसाल, म्हणजे शेख, सय्यद, पठाण असाल, तर ईडब्ल्यूएसचा दाखला वेळेत काढा. 2019 पासून ही सोय आहे आणि आपले लोक तिच्याकडे फिरकत नाहीत. 2014 मध्ये आघाडी सरकारने मुसलमानांना दिलेलं पाच टक्के आरक्षण अध्यादेशाबरोबरच संपलं. शिक्षणातलं आरक्षण उच्च न्यायालयाने तेव्हा रोखलं नव्हतं, तरी पुढच्या सरकारने त्याचा कायदा केला नाही. त्याबद्दल राग धरा, मोर्चे काढा, मी येतो. पण त्या रागात हातात असलेला कागद काढायचा राहू नये.

अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजांचाही एक रस्ता आहे. पुण्यात आझम कॅम्पसवर अल्लाना कॉलेज, औरंगाबादेत डॉ. रफीक झकेरियांच्या संस्थेचं वाय. बी. चव्हाण कॉलेज, पनवेलला अंजुमनचं काळसेकर, आणि नंदुरबारच्या सातपुड्याच्या पायथ्याशी अक्कलकुव्याला अली-अल्लाना. मुस्लीम संस्थांनी काढलेली ही फार्मसी कॉलेजं आहेत. अल्पसंख्याक जागेसाठी जातीची वैधता लागत नाही, धर्माची नोंद लागते. मुलीला हॉस्टेलला ठेवायला घरचे तयार असतील तर हा पर्याय पहिल्या फेरीपासून भरावा. आमचे भाऊसाहेब तयार नव्हते. साठ किलोमीटर एसटीने रोज जाणं चालतं, हॉस्टेल चालत नाही. हे गणित मला अजून कळलेलं नाही.

आता डिप्लोमाबद्दल बोलतो, आणि इथे काही लोक नाराज होतील. मोहल्ल्यातली पोरं म्हणतात, बी.फार्म. कशाला, दोन वर्षांत डी.फार्म. करू आणि मेडिकल टाकू. डी.फार्म. वाईट नाही. बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, सीईटी लागत नाही, आणि ते करून बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. ज्यांचा सीईटीत जम बसला नाही त्यांच्यासाठी ही चांगली वाट आहे, निवडली तर. पण पोरांच्या मनात वेगळंच असतं. दोन वर्षं कॉलेजात अधूनमधून तोंड दाखवायचं, पास व्हायचं, कौन्सिलची नोंदणी करायची आणि सर्टिफिकेट एखाद्या मेडिकलला महिन्याच्या भाड्याने देऊन आपण दुसरा धंदा करायचा. भिंतीवर याचं सर्टिफिकेट, काउंटरला दहावी नापास मुलगा. 1948 च्या फार्मसी कायद्याच्या 42 व्या कलमानुसार नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कोणी डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध द्यायचं नाही. हे भाडं सगळ्याच समाजांत चालतं, आपल्याच पोरांना का बोलता, असं मला ऐकवलं जातं. बोलतो, कारण बँकेच्या व्याजावर तास तास बोलणारी माणसं या भाड्याबद्दल एक शब्द काढत नाहीत. म्हातारीला बीपीची गोळी कोणती आणि शुगरची कोणती हे सांगायला तिथे माणूस नसतो, त्याचे हे पैसे असतात. आजोबा तिसऱ्यांदा सांगायचे ते काम. आणि आता डी.फार्म.वाल्यांना नोंदणीसाठी एक्झिट परीक्षाही लावली आहे, 2022 च्या नियमावलीने. नुसतं तोंड दाखवून भागेल, असे दिवस गेले.

कॉलेज निवडतानाही डोळे उघडे हवेत. फार्मसी कौन्सिलने नव्या कॉलेजांवर घातलेली बंदी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही आणि त्यानंतर आमच्या भागात मंगल कार्यालयाशेजारीही फार्मसी कॉलेजची पाटी दिसू लागली. जागा भरत नाहीत म्हणून एजंट दारात येतात. ‘अटेंडन्सची काळजी नको’ म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. कौन्सिलच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी असते, ती पाहा. मग कॉलेजात जाऊन प्रयोगशाळेत डोकवा. बाटल्यांवर धूळ असेल तर समजून जा. तिथून मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या दोन मुलांना गाठा आणि सध्या काय करता ते विचारा. परदेशाची स्वप्नं दाखवणाऱ्यालाही नीट विचारा. आखातात बी.फार्म.वर काम मिळतं, पण अनुभव आणि तिथली परवाना परीक्षा दोन्ही लागतं. अमेरिकेत फार्मासिस्ट व्हायला परदेशी पदवीधराला किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम झालेला लागतो. आपली चार वर्षांची बी.फार्म. त्यात बसत नाही, सहा वर्षांची फार्म.डी. बसते. हे आधी कळलं तर माणूस आधीच ठरवू शकतो.

पैशाचा प्रश्न उरतोच. भावाने शैक्षणिक कर्ज घ्यायला नकार दिला, व्याज नको म्हणून. त्याचा निर्णय मी मान्य करतो. पण मग समाजाकडे त्याला पर्याय हवा ना? आपल्याकडे जकात रमजानमध्ये निघते आणि ईदपर्यंत वाटून संपते. प्रवेश जुलै ते ऑक्टोबर चालतात. त्या महिन्यांत जमातीच्या पेटीत काही नसतं. ज्यांच्याकडे हिशेब आहे त्यांनी उलेमांना विचारून त्यातला काही भाग किंवा निदान सदका आणि देणग्या फीसाठी मागे ठेवाव्यात, बिनव्याजी कर्ज-ए-हसना म्हणून द्याव्यात. नोकरी लागली की मूल परत करेल, तोच पैसा पुढच्याला जाईल. गुणवंतांना हार घालून, ट्रॉफी देऊन फोटो काढायचा खर्च कमी केला तरी चार फॉर्मची फी निघते. गेल्या वर्षी एका सत्कारात माझ्या पुतणीलाही ट्रॉफी मिळाली. त्या दिवशी तिच्या फीचा दुसरा हप्ता थकलेला होता.

आपल्या जलशांत इब्न सीनाचं नाव घेतल्याशिवाय शिक्षणावरचं भाषण होत नाही. घ्यावं. पण इतकं लांब जायची गरज नाही. ख्वाजा अब्दुल हमीद अलिगढचे, बर्लिनला जाऊन रसायनशास्त्रात डॉक्टरेट करून आले आणि 1935 मध्ये त्यांनी मुंबईत सिप्ला काढली. त्यांच्या मुलाने, युसुफ हमीद यांनी, 2001 मध्ये एड्सची औषधं दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी दरात देऊ केली आणि जगातल्या बड्या कंपन्यांना घाम फोडला. वोक्हार्टचे हबील खोराकीवाला तर स्वतः फार्मसीचे पदवीधर, आधी अहमदाबाद आणि मग अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठ. त्यांचे कारखाने औरंगाबादेत आहेत, आमच्या एसटीच्या रस्त्यावर. तिथे क्वालिटी कंट्रोलमध्ये, उत्पादनात बी.फार्म., एम.फार्म. झालेली मुलं लागतात. एम.फार्म.ला जायचं तर जीपॅट द्यावी लागते, आणि तीही तिसऱ्या वर्षापासून तयारी केली तरच निघते, निकालानंतर नाही. पुतणीला हे मी आत्ताच सांगून ठेवलंय. ती म्हणाली, “चाचा, पैले ये सेमिस्टर तो निकलने दो.”

ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. रेमेडियल मॅथ्स पहिल्या सत्रात काठावर सुटलं. ऑरगॅनिक केमिस्ट्री तिला, नवल वाटेल, आवडू लागलंय. सकाळी सहाच्या एसटीने जाते, संध्याकाळी सातला येते. मागच्या महिन्यात तिने आजोबांच्या दुकानातल्या डब्यांची नावं मला विचारून लिहून घेतली. फार्माकोग्नसी नावाचा विषय पुढे येतो, त्यात सोनामुखी आणि इसबगोल आहेत म्हणे, लॅटिन नावांनी.

तिचा धाकटा भाऊ यंदा अकरावीत गेला. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलंय, बापाशी भांडून. त्याच्या जात वैधतेचा अर्ज कॉलेजमार्फत गेला, सोबत बहिणीच्या वैधतेची प्रत आणि 1958 च्या त्या पानाची नक्कल जोडली आहे. पावती मी माझ्याच फाइलमध्ये ठेवली.